दात काढल्यानंतरची मुखनिगा : जखमेचे शास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य

मौखिक आरोग्य हा सर्वसाधारण आरोग्याचा अविभाज्य भाग असला, तरी आरोग्यविषयक चर्चेत त्याला बराच काळ दुय्यम स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक मौखिक आरोग्य स्थिती अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोक कोणत्या ना कोणत्या मौखिक विकाराने ग्रस्त आहेत. कायमच्या दातांतील उपचार न झालेली कीड हा त्यातील सर्वांत व्यापक विकार होय. किडलेला दात वेळीच भरला, तर तो वाचू शकतो. परंतु वेदना असह्य होईपर्यंत उपचार लांबणीवर टाकले जातात आणि अखेरीस दात काढण्याखेरीज पर्याय उरत नाही. ग्रामीण व दुर्गम भागांतील, तसेच अल्प उत्पन्न गटांतील अनेकांच्या बाबतीत दंतोपचार याचा अर्थ दात काढणे एवढाच राहिला आहे.

दात काढणे ही किरकोळ बाब असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ती जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचणारी शस्त्रक्रिया आहे. इतर शस्त्रक्रियांनंतर जखम शिवून, पट्टी बांधून झाकली जाते. दात काढल्यावर होणारी जखम मात्र बहुधा उघडीच राहते आणि तीही असंख्य जीवाणूंचे वास्तव्य असलेल्या, सतत लाळेने ओल्या असणाऱ्या मुखात. दंतवैद्याचे काम बहुधा तासाभरात आटोपते. त्यानंतरच्या आठवड्याची काळजी रुग्णाला घरी घ्यावी लागते. ती कशी आणि का घ्यावयाची, हे त्याला नीट समजले आहे की नाही, यावर जखम भरून येण्याचा मार्ग बव्हंशी अवलंबून असतो.

खोबणीत काय घडते?

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील ज्या पोकळीत रुतलेले असते, तिला खोबण म्हणतात. दात निघताच ही खोबण रक्ताने भरते. रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, एकत्र येतात, फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तयार होते आणि काही मिनिटांत रक्ताची गुठळी बनते. ही गुठळी तीन कामे करते. ती रक्तस्राव थांबवते, उघड्या पडलेल्या हाडाला व मज्जातंतूंच्या टोकांना आच्छादन देते आणि नव्या ऊतींच्या वाढीसाठी आधार पुरवते. दात काढल्यानंतरच्या जवळजवळ सर्व सूचनांचे सार या गुठळीचे रक्षण हेच असते.

पुढील काही दिवसांत गुठळीत सूक्ष्म रक्तवाहिन्या व नव्या पेशी शिरतात आणि आठवडाभरात तिची जागा मऊ, लालसर ऊती घेऊ लागते. हिरडीचे आवरण कडेकडून आत सरकत काही आठवड्यांत खोबण झाकून टाकते. आत नवे हाड तयार होण्याचे काम मात्र काही महिने चालते. दात नसलेल्या जागी हाडाची झीजही होत असते. वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच घटतो. म्हणून कृत्रिम दात बसवावयाचा असल्यास त्याविषयीचा सल्ला दात काढतानाच घेणे हितावह ठरते.

पहिले चोवीस तास

दात काढल्यावर खोबणीवर निर्जंतुक कापडाची घडी ठेवून ती दातांखाली घट्ट दाबून धरण्यास सांगितले जाते. हा दाब साधारणपणे अर्धा ते पाऊण तास अखंड असावा लागतो. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी घडी वारंवार काढल्यास नुकतीच तयार होणारी गुठळी तिच्यासोबत निघून येते.

पहिल्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा निर्बंध थुंकण्यावर व चूळ भरण्यावर असतो. भारतीय कुटुंबांत जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची सवय लहानपणापासून लावली जाते आणि एरवी ती आरोग्यदायीच आहे. परंतु पहिल्या चोवीस तासांत पाण्याचा जोर व थुंकताना तोंडात निर्माण होणारी ओढ यांमुळे गुठळी सैल होऊन निखळू शकते. नळीने शहाळ्याचे पाणी वा सरबत ओढून पिणे याच कारणाने वर्ज्य ठरते. लाळेत मिसळलेले थोडे रक्तही प्रत्यक्षापेक्षा खूप अधिक भासते. लाळ पहिल्या दिवशी गुलाबी दिसणे स्वाभाविक असून ती थुंकण्याऐवजी गिळणे योग्य असते.

गालाला सूज येऊ नये म्हणून शेक देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि रक्तस्राव व सूज वाढण्याचा संभव असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी गरम शेक न देता कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा ते वीस मिनिटे ठेवावा व तेवढीच विश्रांती देऊन पुन्हा ठेवावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसते व नंतर ओसरू लागते. झोपताना डोके उशीवर थोडे उंच ठेवल्यास सूज व रक्तस्राव या दोहोंना आळा बसतो.

स्थानिक भूल देण्यासाठी बहुधा लिग्नोकेन हे औषध वापरले जाते व त्यासोबत रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनॅलिन अल्प प्रमाणात असते. त्याचा परिणाम ओसरल्यावर रक्तवाहिन्या पूर्ववत होतात आणि थांबलेला रक्तस्राव काही तासांनी पुन्हा सुरू होऊ शकतो. अशा वेळी स्वच्छ कापडाची ओली घडी खोबणीवर ठेवून स्वस्थ बसून पुन्हा अर्धा तास घट्ट दाब द्यावा. बहुतेक वेळा तेवढे पुरेसे ठरते. बधिरता असेपर्यंत गरम पदार्थ टाळावेत, कारण जीभ वा ओठ भाजल्याचे कळत नाही. लहान मुले बधिर ओठ चावून जखमी करून घेतात, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

पहिल्या दिवशी जड ओझे उचलणे, वाकून करावयाची कष्टाची कामे व धावपळ टाळावी. श्रमाने रक्तदाब वाढतो व गुठळीवर ताण येतो. शेतमजूर, बांधकाम मजूर वा हमाल यांच्यासाठी या सूचनेचा अर्थ एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे असा होतो. म्हणून दात काढण्याचा दिवस रुग्णाच्या सोयीने ठरवणे आणि शक्यतो सकाळची वेळ निवडणे व्यवहार्य ठरते. सकाळी दात काढल्यास रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तरी दवाखाना उघडा असताना परत येता येते.

दुसऱ्या दिवसापासून

चोवीस तासांनंतर मुखाच्या स्वच्छतेला प्राधान्य द्यावे लागते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून दर जेवणानंतर व झोपण्यापूर्वी ते पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यावे. जोराने गुळण्या करू नयेत. हा क्रम साधारण आठवडाभर चालू ठेवावा. इतर दात मऊ ब्रशने नेहमीप्रमाणे घासावेत, मात्र खोबणीला ब्रश लावू नये. दात घासणे पूर्णपणे बंद ठेवल्यास अन्नकण साचून संसर्गाची शक्यता उलट वाढते.

आहार मऊ व थंड ते कोमट असावा. दहीभात, मऊ खिचडी, पेज, इडली, वरणात कुस्करलेली पोळी, केळे असे पदार्थ सोयीचे असतात. तिखट, फार गरम, तसेच चिवडा, शेंगदाणे, फुटाणे यांसारखे कण सुटणारे पदार्थ काही दिवस टाळावेत आणि दुसऱ्या बाजूने चावावे. मात्र उपाशी राहू नये. पुरेसे प्रथिन व पाणी मिळणे जखम भरण्यासाठी आवश्यक असते.

खोबणीत हळद, लवंगेचे तेल, चुना वा तत्सम पदार्थ भरणे अपायकारक ठरू शकते. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्यकात वापरले जाते हे खरे असले, तरी शुद्ध तेल उघड्या जखमेवर लावल्यास ऊतींचा दाह होतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून ठेवल्यास तेथील त्वचा भाजल्यासारखी पांढरी पडते. शिवाय ॲस्पिरिनमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येत असल्याने वेदनाशामक म्हणून ते स्वतःहून घेऊ नये. पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन यांपैकी काय व किती घ्यावे, हे दंतवैद्याने सांगितल्याप्रमाणे ठरवावे. मूत्रपिंडाचे विकार, जठरव्रण वा दमा असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी ती माहिती आधी देणे आवश्यक आहे.

निरोगी व्यक्तीचा दात कोणत्याही गुंतागुंतीविना काढला गेला असल्यास सहसा प्रतिजैविकांची गरज भासत नाही. पूर्वी उरलेल्या गोळ्या घेणे किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना त्या आणणे यांमुळे जीवाणूंची प्रतिरोधक्षमता वाढते. प्रतिजैविक प्रतिरोध ही राष्ट्रीय चिंतेची बाब असल्याने केंद्र शासनाने २०१७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला होता. याउलट, संसर्गामुळे दंतवैद्याने प्रतिजैविक दिलेच असेल, तर ते सांगितलेल्या मात्रेत व मुदतीतच घ्यावयास हवे.

गुठळी निखळली तर

गुठळी अकाली निखळली वा विरघळली, तर खोबणीतील हाड उघडे पडते. या अवस्थेस ड्राय सॉकेट असे म्हणतात. वैद्यकीय साहित्यात तिचे पहिले वर्णन १८९६ मध्ये क्रॉफर्ड यांनी केले. दात काढल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे वेदना कमी व्हायला हवी त्या वेळी, ती तीव्र होते, कानापर्यंत ठणका जातो व तोंडाला दुर्गंधी येते. सर्वसाधारणतः शंभरापैकी एक ते पाच रुग्णांत ही अवस्था आढळते. खालच्या जबड्यातील रुतलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यास हे प्रमाण बरेच अधिक असते. दात काढताना झालेली अधिक इजा, आधीचा संसर्ग, गर्भनिरोधक गोळ्यांचे सेवन व धूम्रपान ही तिची ज्ञात कारणे होत. उपचार सोपा आहे. दंतवैद्य खोबण धुऊन तीत औषधी पट्टी ठेवतो व वेदना लवकर उतरते. परंतु त्यासाठी रुग्णाने परत येणे आवश्यक असते. एवढ्या वेदनेस दंतवैद्याची चूक समजून रुग्ण दवाखान्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा टाळता येण्याजोगा त्रास लांबत जातो.

तंबाखू : भारतीय संदर्भ

धूम्रपानामुळे रक्तवाहिन्या आकुंचित होतात, जखमेला प्राणवायू कमी मिळतो आणि झुरका घेताना होणारी ओढ गुठळीस घातक ठरते. म्हणून दात काढल्यानंतर किमान दोन-तीन दिवस व शक्य तितका अधिक काळ धूम्रपान टाळावे, असे सांगितले जाते. मद्यही या काळात वर्ज्य असते. भारतात मात्र केवळ धूम्रपानाविषयी सूचना देऊन भागत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २१.४ टक्के, म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा पुष्कळच जास्त होते.

धूरविरहित तंबाखूची रूपे प्रांतोप्रांती बदलतात. महाराष्ट्र व गोव्यात मशेरी, ओडिशा व छत्तीसगडमध्ये गुडाखू, बिहार व उत्तर प्रदेशात खैनी व गुल यांचा वापर होतो. यांपैकी मशेरी, गुडाखू व गुल दातांना लावण्याचीच प्रथा आहे. मिझोराम व मणिपूरमध्ये तुइबुर हे तंबाखूच्या धुराने संस्कारित केलेले पाणी तोंडात धरून फिरवले जाते. यांपैकी अनेक पदार्थ वापरणाऱ्याच्या दृष्टीने व्यसन नसून दातदुखीवरील औषध किंवा दंतमंजन असते. अशा रुग्णाला ‘सिगारेट ओढू नका’ एवढेच सांगितले, तर तो दात काढल्याच्या दुसऱ्या सकाळी निःशंकपणे मशेरी लावेल. सूचना स्थानिक भाषेत आणि स्थानिक पदार्थाचे नाव घेऊन देणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. दात काढण्याचा प्रसंग हा व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचीही चांगली संधी असतो. त्यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय दूरध्वनी सेवाही उपलब्ध करून देण्यात आली.

विशेष दक्षता कोणासाठी?

मधुमेहाच्या रुग्णांत रक्तशर्करा अनियंत्रित असल्यास जखम सावकाश भरते व संसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत, कारण त्यामुळे हृदयविकार वा पक्षाघाताचा धोका संभवतो. आवश्यक चाचणी करून व टाके घालून अशा रुग्णांतील रक्तस्राव सहसा आटोक्यात ठेवता येतो. कृत्रिम हृदयझडप बसवलेल्या रुग्णांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. संधिवाती ज्वरामुळे हृदयाच्या झडपा बिघडलेल्यांनीही तसे आधीच सांगून हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. हिमोफिलियाच्या रुग्णांत रक्त गोठवणारा घटक पूर्वनियोजनाने द्यावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट २१ प्रकारांत हिमोफिलियाचाही अंतर्भाव आहे.

डोके व मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या जबड्याचा रक्तपुरवठा घटलेला असतो. तेथे दात काढल्यास हाड मृत होण्याचा संभव असतो, म्हणून खराब दात किरणोपचारापूर्वीच काढले जातात. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधांबाबतही अशीच सावधगिरी लागते. म्हणून दात काढण्यापूर्वी सर्व आजार व औषधे सांगणे हा नंतरच्या काळजीचाच पहिला टप्पा होय.

परत केव्हा जावे?

दाब देऊनही न थांबणारा रक्तस्राव, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी वेदना वा सूज, ताप, पू, तोंड उघडण्यास वाढता त्रास ही तातडीने दंतवैद्याकडे जाण्याची लक्षणे आहेत. वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना ते नाकात येत असल्यास गालाच्या हाडातील पोकळीशी मार्ग खुला झालेला असू शकतो. अशा वेळी नाक जोराने शिंकरू नये व त्वरित तपासणी करून घ्यावी. जबड्याखाली दोन्ही बाजूंस कडक सूज येऊन जीभ वर उचलली जात असेल, गिळताना वा श्वास घेताना अडचण होत असेल, तर ती प्राणघातक स्थिती ठरू शकते. रुग्णाला वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात हलवणे आवश्यक असते.

तीन आठवड्यांनंतरही खोबण भरून येत नसेल, तर तिची तपासणी झालीच पाहिजे. हलणारा दात काढल्यावर न भरणारी जखम हे क्वचित मुखकर्करोगाचे लक्षण असते. तंबाखू व सुपारी खाणाऱ्यांनी याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

कायदा, कार्यक्रम आणि सेवा

परत जावयाचे तर जाण्याजोगे ठिकाण हवे, आणि येथे वैयक्तिक काळजीचा प्रश्न आरोग्यव्यवस्थेशी येऊन भिडतो. भारतातील दंतवैद्यकीय शिक्षणाचा प्रारंभ डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयाने झाला. दंतवैद्यक अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला व १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. नोंदणीकृत दंतवैद्यानेच व्यवसाय करावा, हे या कायद्याचे मुख्य सूत्र होते. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. अनोंदणीकृत व्यक्तीकडून, निर्जंतुक न केलेल्या उपकरणांनी दात काढून घेतल्यास हिपॅटायटिस बी व सी, तसेच एचआयव्हीचा संसर्ग होण्याची भीती असते. नंतरची कोणतीही काळजी ही हानी भरून काढू शकत नाही.

देशात दंत महाविद्यालयांची संख्या मोठी असली, तरी दंतवैद्य प्रामुख्याने शहरांत एकवटलेले आहेत. ही दरी कमी करण्याच्या हेतूने केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. मनुष्यबळ, उपकरणे व साहित्य यांसाठी राज्यांना साहाय्य देऊन सार्वजनिक रुग्णालयांतील दंतसेवा बळकट करणे हे त्याचे स्वरूप आहे. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांचे २०२३ मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर असे नामांतर झाले. या केंद्रांच्या विस्तारित सेवासंचात प्राथमिक मौखिक आरोग्यसेवेचा समावेश आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींची मुखकर्करोगासाठी तपासणी हाही असंसर्गजन्य रोगविषयक कार्यक्रमाचा भाग आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये मौखिक आरोग्यावर ठराव संमत केला. त्यापाठोपाठ आलेल्या २०२३-२०३० च्या जागतिक कृती आराखड्यात २०३० पर्यंत जगातील ८० टक्के लोकसंख्येला अत्यावश्यक मौखिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क असावा, असे लक्ष्य ठेवण्यात आले आहे.

या संदर्भात दात काढल्यानंतरच्या सूचनांकडे एक अत्यल्प खर्चाचा आरोग्य-उपाय म्हणून पाहता येईल. त्यासाठी महागडे यंत्र वा औषध लागत नाही. रुग्णाच्या भाषेत व मोठ्या अक्षरांत छापलेला, निरक्षरांसाठी चित्रे असलेला एक कागद, सोबतच्या नातेवाइकासमोर दिलेले तोंडी स्पष्टीकरण आणि अडचण आल्यास कोठे जावे याची माहिती एवढे पुरेसे असते. आशा कार्यकर्ती व समुदाय आरोग्य अधिकारी यांना धोक्याची लक्षणे ओळखता आली, तर तालुक्याच्या गावी दात काढून परतलेल्या रुग्णाची तिसऱ्या दिवशीची विचारपूस गावातच होऊ शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी दूरवैद्यक सेवेचाही त्यासाठी उपयोग होऊ शकतो.

दात वाचवणे हे दंतवैद्यकाचे मूळ उद्दिष्ट आहे आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा वापर, साखरेवर नियंत्रण व नियमित तपासणी हाच त्याचा मार्ग होय. परंतु जेथे दात काढणे अपरिहार्य ठरते, तेथे ती जखम निर्वेध भरून येणे आणि आलेल्या अनुभवामुळे रुग्णाचा दवाखान्यावरील विश्वास टिकून राहणे तितकेच महत्त्वाचे आहे. असा विश्वास बाळगणारा रुग्ण पुढचा दात किडू लागताच, वेदनेची वाट न पाहता, उपचारासाठी येण्याची शक्यता अधिक असते.